गळपट्टीतला टाका

मास्तरांच्या दुकानात शिरायचं तर आधी डोकं सांभाळावं लागतं. दार ठेंगणं, आणि आत पाऊल टाकलं की वर टांगलेल्या कोटांच्या बाह्या थेट तोंडावर येतात. उजवीकडे पायमशीन, डावीकडे इस्त्रीचं टेबल, मध्ये गिऱ्हाइकानं उभं राहायला वीतभर जागा. एखादा अंगानं भरलेला माणूस कोटाच्या मापाला आला की मास्तरांच्या बायकोला हातातलं काम ठेवून मागच्या खोलीत जावं लागतं, तेव्हा कुठे टेप त्याच्या पोटाभोवती फिरतो. मागची खोली म्हणजेच घर. एक पलंग, एक कपाट, स्वयंपाकाचा ओटा, आणि उरल्यासुरल्या तुकड्यांचा जोडून शिवलेला खिडकीचा पडदा.

शिवायचं काम मास्तरांचं. काज, बटण आणि तुरपाई बायकोची. तिला सगळे मास्तरीणबाई म्हणतात, आणि तिनं लावलेलं बटण कापड फाटलं तरी निघत नाही, हे गिऱ्हाइकांना पाठ आहे. पडद्याला तिची सुई कायम खोचलेली असते, तपकिरी दोरा ओवून. तपकिरीच का, तर तो रंग कुठेही खपून जातो. आणि गाठ मारायची ती दोनदा. एका गाठीवर या बाईचा उभ्या जन्मात विश्वास बसला नाही. मास्तर चिडवायचे, बटण लावतेस की बैल बांधतेस म्हणून. ती म्हणायची, तुमची टीप उसवून लोक परत येतात, माझ्या बटणासाठी कुणी आलंय का आजवर?

आता हिरव्यांबद्दल सांगायला हवं, नाहीतर मास्तर कळायचे नाहीत. हिरवे म्हणजे गावचा फुटबॉलचा संघ. कपडे हिरवे म्हणून नाव हिरवे. खेळतात वरच्या गटात, पण कसे, तर पायपुसण्यावर उभ्या असलेल्या पाहुण्यासारखे. आत बोलावलेलं नाही, बाहेर काढलेलं नाही. दरवर्षी शेवटच्या सामन्यापर्यंत सगळ्यांचा जीव टांगणीला, आणि दरवर्षी खालच्या गटात घसरता घसरता कसेबसे तरतात. जिंकणाऱ्या संघावर काय, कुणीही जीव टाकेल हो. असल्या संघावर प्रेम करायला काळीज घट्ट लागतं.

मास्तरांचं हिरव्यांशी नातं जुळलं तेही एका घोळातून. तेव्हा ते एका म्हाताऱ्या शिंप्याच्या हाताखाली शिकत होते. पहिलं मोठं काम मिळालं ते हिरव्यांच्या पाठीवर आकडे शिवायचं, आणि पठ्ठ्यानं सहाचा नऊ आणि नऊचा सहा करून ठेवला. कुणाच्या ध्यानात आलं नाही. मैदानात समोरचे लोक नऊ आकड्याच्या मागे हात धुऊन लागले, तो बिचारा गोलापाशी उभा राहून बचाव करणारा. आणि गोल मारणारा खरा गडी पाठीवर सहा घेऊन मोकळा हिंडला. हिरव्यांनी त्या दिवशी समोरच्यांना धूळ चारली. म्हाताऱ्यानं कान पिरगाळला तो पिरगाळलाच, पण मास्तरांच्या डोक्यात पक्कं बसलं, की आपली सुई आणि तो चेंडू यांचं काहीतरी आहे.

तेव्हापासूनची ही रीत. हिरव्यांचे कपडे दर आठवड्याला दुरुस्तीला येतात. संघाचं सामान सांभाळणारा माणूस ते गोणीत कोंबून आणतो, म्हणून त्याला गोणीवाला म्हणतात. फाटलेल्या बगला, उसवलेल्या बाह्या सगळं मशीनवर झालं, की मास्तर शेवटी गोलकीपरची पिवळी जर्सी हातात घेतात. खणातून हिरव्या दोऱ्याचं रीळ काढतात. ते रीळ दुसऱ्या कशाला वापरायचं नाही, कुणी मागितलं तरी नाही. गळपट्टीच्या आतून, मानेवर येईल तिथे, एक फुलीचा टाका घालायचा. दोरा ओढताना डोळे मिटून म्हणायचं, 'देवा, एवढा एक सामना सांभाळ.' झाली प्रार्थना. पुढच्या आठवड्यात तो टाका उसवायचा आणि नवा घालायचा, कारण शिळं मागणं देवापुढे ठेवू नये असं मास्तरांचं मत.

आणखी एक मत होतं. देवाकडे एका वेळी एकच मागायचं. दोन गिऱ्हाइकांची मापं एकदम घेतली की एकाची विजार दुसऱ्याला जाते, हे त्यांनी धंद्यात सोसलेलं. देवाकडे तर केवढी गर्दी. म्हणून एका आठवड्याला एक टाका आणि एक मागणं. आणि काय मागितलं ते बोलून दाखवायचं नाही, बोललं की उसवतं. शेजारीपाजारी हसायचे. देवाला काय हेच काम आहे का, चेंडू कुठे जातो ते बघायचं? मी म्हणतो, का नसावं? माणसं ज्याच्यासाठी रडतात ते त्यानं बघू नये तर काय बघावं?

छप्पर गळलं तेव्हा मास्तरांनी काही मागितलं नाही. डोळ्यांना चष्मा लागला, सुईत दोरा जाईना, तेव्हाही नाही. सगळे टाके हिरव्यांचे. मास्तरीणबाई संघाला 'माझी सवत' म्हणायची. सवतीचे कपडे मीच धुवायचे, मीच वाळत घालायचे, आणि नवरा तिच्याच गळ्यात पडलेला, असं गिऱ्हाइकांसमोर सुनवायची. मास्तर मान खाली घालून मशीन चालवायचे.

एकदाच तो टाका दुसरीकडे गेला होता. लग्नाला बरीच वर्षं झाली, मूल होईना, तेव्हा तिनं विचारलं, या आठवड्यात आपल्यासाठी मागाल का? मास्तरांनी मागितलं. गळपट्टी रिकामी ठेवली आणि हिरवी फुली तिच्या उशीच्या खोळीत घातली. एकदा नाही, कितीतरी आठवडे. हिरवे तिकडे सामन्यामागून सामना तोंडावर आपटत होते, मास्तरांनी तिकडे पाहिलंही नाही. पण झालं नाही ते झालंच नाही. मग एके दिवशी तिनंच पिवळी जर्सी आणून त्यांच्या मांडीवर ठेवली आणि म्हणाली, घाला आता त्या पोरांचा टाका. त्यानंतर त्या गोष्टीवर दोघं कधी बोलले नाहीत. खोळ मात्र तिनं कपाटात जपून ठेवली.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे मास्तरीणबाईचा श्वास. गच्चीवर कपडे वाळत घालायला गेली की जिन्यात मध्येच थांबायला लागली. गुडघे, म्हणायची. गुडघे कसले, ओठ निळे पडायचे. शेवटी मास्तरांनी धरून डॉक्टरांकडे नेलं. हृदयाची एक झडप नीट मिटत नव्हती, छाती उघडून ती बदलायला हवी. डॉक्टर चांगले होते, समजावून सांगत होते, पण छाती उघडायची म्हटल्यावर मास्तरांच्या कानात पुढचं काही शिरलं नाही. तीच त्यांचा हात धरून घरी घेऊन आली.

ऑपरेशनचा दिवस ठरला, आणि तो नेमका हिरव्यांच्या शेवटच्या सामन्याचा निघाला. गाठ पुलापलीकडच्या संघाशी. बरोबरी झाली तर हिरवे वरच्या गटात राहणार, हरले तर खाली. मास्तरांनी तारीख ऐकून डॉक्टरांना बरं म्हटलं, बदलून मागितली नाही.

मदतीला मेव्हणी येऊन राहिली. बहिणीवर जीव, आणि जिभेला धार. हिच्या मते भाऊजींच्या संसारात बहिणीचा नंबर कायम बारावा, अकरा जण आधी. आल्या दिवशी तिनं मास्तरांना दुकानात एकटं गाठलं.

"भाऊजी, त्या दिवशी तुम्ही दवाखान्यात बसाल आणि जीव तुमचा मैदानावर असेल," ती म्हणाली. "ताई बोलत नाही, म्हणून तिला कळत नाही असं समजू नका."

मास्तरांनी मान खाली घालून मशीन चालू केलं. बोलून दाखवायचं नाही ही त्यांची स्वतःचीच अट, आता ती त्यांच्याच गळ्याशी आली. पण मेव्हणीचे शब्द आत रुतले. बायकोला खरंच असं वाटत असेल? इतकी वर्षं सवत सवत म्हणत होती ते नुसतं थट्टेनं, की त्यात काही होतं? ऑपरेशनला जाताना ही बाई मनात तेच घेऊन जाणार असेल तर? या विचारानं त्यांना जेवण जाईना. विचारायचीही सोय नाही, काय विचारणार?

दवाखान्यात जायच्या आदल्या दुपारी गोणी आली. मास्तरांनी एकेक कपडा काढला, टिपा घातल्या, आणि शेवटी पिवळी जर्सी घेतली. मागच्या आठवड्याचा टाका उसवला. सुईत हिरवा दोरा ओवला, गळपट्टी मांडीवर पसरली, आणि सुई तशीच राहिली. टाका एकच, मागणं एकच. पूर्वी एकदा घरासाठी मागितलं होतं आणि मिळालं नव्हतं, तेही आठवलं. तरी हात गळपट्टीकडे जाईना. त्यांनी दोरा तोडला, रीळ सदऱ्याच्या खिशात टाकलं आणि जर्सीची घडी घातली.

"झालं का त्यांचं?" मागच्या खोलीतून मास्तरीणबाईनं विचारलं.

"झालं," मास्तर म्हणाले. बायकोशी ते सहसा खोटं बोलत नसत, त्यामुळे आवाज जरा मोठाच निघाला.

सकाळी ते गाडी बघायला चौकात गेले आणि तेवढ्यात गोणीवाला येऊन गोणी घेऊन गेला. तीच दिली म्हणे त्याला. गोणीवाल्यानं वहिनी, लवकर बऱ्या व्हा असं म्हटलं, आणि ती म्हणाली, तुम्ही आधी त्या पोरांकडे बघा. मेव्हणीनं हे मास्तरांना ऐकवलं, ते टोमणा म्हणूनच.

दवाखान्यात तिला ऑपरेशनचा झगा घालायला दिला. वापरून वापरून विरलेला, आणि त्याचा एक बंद एका धाग्यावर लोंबत होता. मास्तरांची सुई कायम त्यांच्या कॉलरच्या मागे टोचलेली असते. ती काढून ते पलंगाच्या कडेला बसले. ती म्हणाली, नर्सला सांगा, दुसरा देईल. दुसऱ्याचाही तुटलेलाच असणार, मास्तर म्हणाले, आणि खिशातून रीळ काढलं. बंद पक्का केला. मग झगा आतून उलटवून, डाव्या बाजूला, त्यांनी फुलीचा टाका घातला. दोरा ओढताना डोळे मिटले. हिरव्यांसाठीचं वाक्य तोंडपाठ होतं, इथे मात्र शब्दच सापडेनात. 'देवा, ही,' एवढंच म्हणाले. पुढे काय म्हणायचं ते सुचलं नाही आणि टाका पुरा झाला.

डोळे उघडले तर ती रिळाकडे बघत होती.

"हिरवा?" तिनं विचारलं.

"हाताला आला तो घेतला," मास्तर म्हणाले.

ती त्यांच्याकडे बराच वेळ बघत राहिली. मग मान फिरवून खिडकीबाहेर पाहू लागली. मास्तरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. इथेही आपण हिरवे घेऊन आलो, असंच तिला वाटलं असणार. सांगावं तर बोललं की उसवतं. असल्या वेळी देवाशी केलेले करार माणसानं मोडावेत, असं मला वाटतं, पण मास्तर ऐकणाऱ्यांतले नाहीत. दुसऱ्या दिवशी तिला आत नेलं तेव्हाही त्यांनी फक्त तिच्या पायावरची चादर सारखी केली.

बाहेरच्या बाकावर मास्तर आणि मेव्हणी. जिन्याच्या खाली पहारेकऱ्याचा रेडिओ लागलेला, त्याच्याभोवती वॉर्डातले दोन-चार जण कान टवकारून उभे. सामना सुरू झाला होता. मेव्हणी म्हणाली, जा, ऐका, इथे बसून तरी काय करणार आहात? मास्तर नको म्हणाले. ती म्हणाली, माझ्यासाठी थांबू नका, मी आहे इथे. मास्तर उठले, आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाला, जिन्याकडे पाठ करून बसले. मेव्हणीला यातलं काही झेपेना. तिनं डब्यातलं काहीतरी काढून त्यांच्यापुढे धरलं, त्यांनी ते हातात घेतलं आणि हातातच ठेवलं. खिशातलं रीळ मात्र ते सारखं चाचपत होते.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. खाली एकदम आरडाओरड झाली आणि मग सगळं चिडीचूप. मास्तरांना चेहरे बघायची गरज नव्हती, हिरव्यांची शांतता ते पाठीनं ओळखतात. शेवटच्या क्षणी चेंडू गोलकीपरच्या हातांतून निसटून आत गेला होता. हिरवे खालच्या गटात. मास्तरांच्या मनात आलं, गळपट्टी रिकामी होती. मी रिकामी ठेवली होती.

तेवढ्यात दार उघडलं. डॉक्टर तोंडावरचं फडकं खाली ओढत म्हणाले, झालं, सगळं नीट झालं, झडप छान काम करते आहे. मेव्हणी देवाचं नाव घेत मटकन खाली बसली. मास्तर भिंतीला टेकले आणि लहान मुलासारखे हुंदके देऊन रडायला लागले. जिन्यावरून पहारेकरी वर आला, त्यानं हे पाहिलं, आणि त्याचेही डोळे भरले. मास्तरांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, रडू नका काका, पुढच्या वर्षी येऊ की परत वर. मास्तरांनी त्याला मिठी मारली. काय समजवायचं त्याला?

ती शुद्धीवर आली. नर्सनं भेटायला सोडलं तेव्हा ओठ कोरडे, आवाज म्हणजे नुसती कुजबुज. मास्तर वाकले. पहिला शब्द काय असेल?

"किती?" ती म्हणाली.

आता नुकतीच शिवलेली छाती. त्यात हे सांगायचं? मास्तरांनी क्षणभरही विचार केला नाही.

"बरोबरी," ते म्हणाले. "वाचलो."

तिनं डोळे मिटले आणि हसली. इतकं समाधान त्या चेहऱ्यावर दिसलं, की मास्तरांना वाटलं, हिला सवतीची एवढी काळजी कधीपासून?

खोटं एकदा बोललं की त्याची तुरपाई करत बसावं लागतं. घरी आल्यावर मास्तरांच्या नाकी नऊ आले. वर्तमानपत्राचं मागचं, खेळाचं पान रोज फाटलेलं निघायला लागलं; कधी त्यावर तेल सांडायचं, कधी ते मापाचा कागद कापायला लागायचं. गिऱ्हाइकांना दारातच ओठांवर बोट ठेवून दाखवायचं. मेव्हणीला दमात घेतलं, तर ती एवढंच म्हणाली, भाऊजी, तुम्हाला तोंडावर खोटं बोलता येत नाही हो, पण चालू द्या. तिची धार त्या बाकावरच जरा बोथट झाली होती. निघताना तिनं मास्तरांच्या हातात औषधांच्या वेळा समजावून दिल्या आणि ताईला सांभाळा म्हणाली, आणि ते टोमणा मारल्यासारखं म्हणाली नाही.

मास्तर बायकोची वेणी घालायला शिकले. तिचे टाके काढले त्या दिवशी त्यांनी चष्मा लावून छातीवरची रेघ निरखून पाहिली आणि म्हणाले, काम स्वच्छ आहे, पण टाके जरा लांब घेतलेत, मी असतो तर जवळ जवळ घेतले असते. ती छातीला उशी धरून म्हणाली, हसवू नका हो, दुखतं. असे दिवस चालले होते. पण मशीनवर बसले की मास्तरांना पोरं आठवायची. खाली गेलेल्या संघातले दोघं-तिघं सोडून गेले, गोलकीपर घराबाहेर पडत नाही म्हणे. आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा, ऐन वेळी, त्यांच्या मानेवर आपला टाका नव्हता. चूक केली असं त्यांना वाटत नव्हतं. पुन्हा वेळ आली असती तर पुन्हा तेच केलं असतं. तरी वाईट वाटायचंच.

नवा हंगाम जवळ आला आणि गोणीवाला गोणी घेऊन आला. बोलायचं नाही हे त्याला बजावलेलं, म्हणून तो मागच्या खोलीकडे बघून मोठ्यानं म्हणाला, वहिनी, आपला संघ एकदम मजेत आहे, आणि घाईघाईनं निघताना कोटाच्या बाहीत अडकला. मास्तरांनी गोणी उघडली. मोठी दुरुस्ती होती, सगळी दुपार गेली. शेवटी पिवळी जर्सी घेतली, गळपट्टी उलटवली.

आत टाका होता.

तपकिरी दोऱ्याचा. वाकडी फुली, आणि शेवटी एकावर एक अशा दोन गाठी.

मास्तरांनी चष्मा काढून पुसला आणि परत लावला. मग ते उठले, जर्सी तशीच उलटी धरून मागच्या खोलीत गेले. ती खिडकीपाशी बसून कुणाच्या तरी सदऱ्याला बटण लावत होती. त्यांच्या हातात काय आहे ते तिनं पाहिलं आणि पुन्हा बटणाकडे वळली.

"सापडला?" ती म्हणाली.

"कधी घातलास?"

"तुम्ही गाडी बघायला गेला होतात तेव्हा."

ते पलंगावर बसले. "अगं, ऑपरेशन तुझं होतं. एकच मागणं असतं माणसाला. ते तू यांच्यावर घालवलंस?"

तिनं बटण पुरं केलं, दोनदा गाठ मारली, दोरा तोडला. "गोणी बांधायच्या आधी सहज गळपट्टी उलटवून पाहिली," ती म्हणाली. "ती रिकामी मी आधी एकदाच पाहिली होती, उशीच्या खोळीच्या वेळी. तेव्हाच कळलं मला, तुमचं मागणं कुठे निघालंय ते. एवढं बरं वाटलं, की ऑपरेशनची भीतीच गेली. माझं मागायला तुम्ही होतात. मग त्या पोरांचं कोण होतं?"

मास्तरांना रडू आलं आणि ते लपवायच्या भानगडीत पडले नाहीत. इतके महिने ज्याचा घोर लागला होता ते तिला सगळ्यांच्या आधी ठाऊक होतं. दवाखान्यात ती खिडकीबाहेर का बघत बसली होती तेही आता त्यांना कळलं. रडता रडता त्यांना आठवलं, की अजून एक सांगायचं राहिलंय.

"ते हरले गं," ते म्हणाले. "बरोबरी नव्हती झाली."

"माहितीये. दुसऱ्याच दिवशी नर्सनं सांगितलं, रडत रडत इंजेक्शन देत होती. तुम्ही एवढ्या मनापासून खोटं बोलत होतात, म्हटलं बोलू द्यावं." तिनं सुई पडद्याला खोचली. "माझाच टाका कच्चा पडला बहुतेक."

"टाका कच्चा नव्हता," मास्तर नाक पुसत म्हणाले. "गोलकीपर कच्चा होता."

ती हसली. आता हसताना छातीला उशी धरावी लागत नव्हती.

संध्याकाळी मास्तर परत मशीनपाशी आले. शिळं मागणं उसवायचं ही रीत, म्हणून कात्रीचं टोक तपकिरी गाठीखाली घातलं. थोडा वेळ तसंच धरलं आणि मग कात्री बाजूला ठेवली. खणातून हिरवं रीळ काढलं आणि त्या वाकड्या फुलीच्या शेजारी, तिला धक्का न लावता, आपला टाका घातला. ही रीत त्यांनी पुढेही चालू ठेवली. हिरवा टाका दर आठवड्याला बदलतो, तपकिरी तसाच आहे.

हिरवे खालच्या गटात खेळतात, आणि तिथेही त्यांचं काही फार बरं चाललेलं नाही. परवा गोणीवाला तक्रार घेऊन आला. गोलकीपर म्हणतो, मास्तर, गळपट्टीत गाठ आहे कसली तरी, सारखी मानेला टोचते, काढून टाका.

मास्तरांनी मागच्या खोलीकडे पाहिलं. आत पडद्याला सुई खोचलेली होती आणि ओट्यापाशी भांड्यांचा आवाज चालू होता.

"टोचू दे म्हणावं त्याला," ते म्हणाले. "निदान तो जागा तरी राहील."